भांडण बदामांवरून, धोका मनुकांचा

पुण्याच्या सहकारनगरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. घरात सासरे, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आठ वर्षांचा लॅब्रॅडॉर, बंड्या. सासरे म्हणजे आप्पा, वय 77, बँकेतून निवृत्त. रोज रात्री ते दहा बदाम एका वाटीत आणि मूठभर काळ्या मनुका दुसऱ्या वाटीत भिजत घालतात. सकाळी बंड्याला घेऊन तळजाई टेकडीवर चक्कर मारून आले की पाच बदाम स्वतः खातात आणि पाच त्याला सोलून देतात. कधी अक्रोड, कधी काजू. मनुका आप्पांच्या स्वतःसाठी, ‘पण तळाशी दोन-चार उरल्या तर त्याही बंड्याच्याच’. महिन्यापूर्वी मुलीने मोबाइलवर वाचलं की सुकामेवा कुत्र्यांना विषारी असतो. घाबरून सूनबाईंनी डबा माळ्यावर टाकला. आप्पा भांडले नाहीत, पण चार दिवस सकाळचा चहा त्यांनी खोलीतच घेतला. ‘आमच्या गावी कुत्री काय वाटेल ते खायची, कुणाला काही झालं नाही,’ एवढंच म्हणाले. शेवटी डबा खाली आला. बंड्याचं वजन आता 38 किलो आहे. ‘तसं घरात सगळेच त्याचे लाड करतात, मुलगी बिस्किटं देते, पहिली पोळी तूप लावून मीच त्याला घालते,’ असंही त्यांनी लिहिलं आहे. त्यांचे प्रश्न दोन: बदाम खरंच विष आहे का? आणि कुणाचं न ऐकणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं?

नमस्कार ताई,

उत्तर सविस्तर लिहिते, पण एक काम आधी करा. आज रात्री आप्पा मनुका भिजत घालायला बसतील तेव्हाच त्यांना सांगा, की यापुढे बंड्याला मनुका एकही नको. उरलेली नको, खाली पडलेली नको, त्या वाटीतलं पाणीसुद्धा नको. तुमच्या पत्रात मनुकांचा उल्लेख जाता जाता आला आहे आणि तिथेच मी थबकले.

द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. पशुवैद्यांना हे बरीच वर्षं ठाऊक होतं, कारण मात्र सापडत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. घरी बनवलेली, लहान मुलांची खेळायची कणीक खाऊन काही कुत्री आजारी पडली होती. त्या कणकेत या आम्लाचा क्षार घातलेला असतो. त्या कुत्र्यांना झालेला त्रास अगदी द्राक्षं खाल्ल्यावर होतो तसाच होता, त्यावरून हा धागा सापडला. द्राक्षांत हे आम्ल भरपूर असतं, आणि द्राक्ष वाळलं की पाणी तेवढं उडून जातं, बाकी सगळं आत राहतं. म्हणून वजनाला वजन धरलं तर मनुका द्राक्षापेक्षा जास्त वाईट. आपल्या चिंचेतही हेच आम्ल असतं, तेव्हा चिंचगुळाची आमटी कालवलेला भातही त्याला नको.

किती मनुका चालतील याचा भरवशाचा आकडा कुणाकडेच नाही. द्राक्षाची जात, ते किती पिकलेलं होतं, यावर आम्लाचं प्रमाण बदलतं, आणि कुत्र्याकुत्र्याच्या प्रकृतीतही फरक असतो. एखादा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा थोडक्यावरच आडवा होतो. पहिल्या दिवसात उलट्या, मग सुस्ती, खाण्यावरून मन उडणं, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी कमी होणं किंवा बंदच होणं, असा साधारण क्रम असतो. बंड्याला आजवर काही झालेलं नाही हे आपलं नशीब. पण त्यावरून त्याला मनुका पचतात असं ठरवता येत नाही. आठ वर्षांचा आहेच, तर पुढच्या खेपेला पशुवैद्यांना मनुकांची गोष्ट न लाजता सांगा आणि किडनीसाठी रक्ताची व लघवीची तपासणी करून घ्या.

ही मनुका आपल्या घरात कुठे कुठे असते ते जरा आठवून बघा. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा. दिवाळीचा चिवडा. शेवयांची खीर, रव्याचे लाडू, गणपतीत मोदकाचं सारण. सांगली-तासगावचे बेदाणे आपल्याकडे घरोघरी, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नाही ही आपली रीत. पूजेला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी मायेनं द्रोण बंड्यापुढे धरतंच. शिऱ्यात शिजली म्हणून मनुका निर्धोक होत नाही. पूजेच्या दिवशी त्याला आतल्या खोलीत ठेवा, किंवा प्रसाद करतानाच त्यात बेदाणे घालू नका. साखर, तूप, केळं आणि रवा एवढ्यावरही सत्यनारायण प्रसन्न होतो.

आता बदाम. नाही, ते विष नाहीत. आपण खातो ते गोडे बदाम कुत्र्याला विषारी नसतात. कडू बदामात सायनाइड तयार होतं, ते माणसालाही नकोत आणि कुत्र्यालाही. मग ‘सुकामेवा विषारी’ ही भीती आली कुठून? बहुतेक मॅकाडेमियावरून. हे मूळचं ऑस्ट्रेलियातलं फळ, आणि ते कुत्र्याला खरोखरच बाधतं. खाल्ल्यापासून बारा तासांच्या आत मागचे पाय लुळे पडल्यासारखे होतात, उलट्या होतात, अंग थरथरतं, ताप येतो. बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत सावरतात, तरी दवाखाना गाठावा लागतोच. आपल्याकडे मॅकाडेमिया रोजच्या डब्यात नसतो, पण हल्ली दिवाळीच्या भेटीच्या खोक्यांत आणि परदेशी बिस्किटांत दिसायला लागलाय. मुलीने जे वाचलं ते अर्धं खरं होतं. तिला रागावू नका. तिने वाचलं म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत आणि मनुकांची गोष्ट वेळेत बाहेर आली.

विष नाही म्हणजे खुशाल द्या, असंही मी म्हणणार नाही. बदामात निम्मी चरबी असते, शेंगदाण्यातही जवळजवळ तेवढीच. काजूत थोडी कमी, अक्रोडात त्याहून बरीच जास्त. कुत्रं चावत बसत नाही, गिळतं. पॉमेरेनियन किंवा शित्झूसारख्या लहान जातीच्या कुत्र्याच्या घशात अख्खा बदाम अडकू शकतो, आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. बंड्या मोठा आहे आणि आप्पा भिजवून सोलून देतात, त्यामुळे ही भीती तुमच्या घरी कमी. चरबीची भीती मात्र आहेच, आणि ती मी स्वतः पाहिली आहे.

आमच्याकडे चिंगी होती, गावठी, तांबूस रंगाची, फार गुणी. एका दिवाळीत चिवड्याचा डबा उघडा राहिला. तिने त्यातलं किती खाल्लं ते आम्हाला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती अंगणात पुढचे दोन्ही पाय जमिनीला टेकवून, छाती खाली आणि मागचा भाग वर, अशी उभी दिसली. खेळायला बोलावतेय असं वाटून मी चेंडू टाकला. तिने चेंडूकडे पाहिलंही नाही. तशीच उभी राहिली, पाय कापत होते. पोटात असह्य दुखतं तेव्हा कुत्री अशी उभी राहतात, हे मला दवाखान्यात कळलं. स्वादुपिंडाला सूज आली होती. डॉक्टरांनी विचारलं, ‘काय खाल्लं?’ मी म्हणाले, ‘विशेष काही नाही.’ चिवडा आमच्या लेखी विशेष नव्हता. तळलेलं खोबरं, काजू, दाणे, तेल, मीठ, बेदाणे, असं सगळं त्यात होतं. चार दिवस सलाइनवर राहिली. वाचली. पण माझ्या त्या ‘विशेष काही नाही’मुळे डॉक्टरांचा अर्धा तास उगीच गेला, हे मी विसरलेले नाही.

म्हणून तुमच्यासारख्या सगळ्यांनाच सांगते, काय खाल्लं, अंदाजे किती आणि केव्हा, हे डॉक्टरांना आधी सांगा. पाकीट असेल तर सोबत न्या.

आता जरा अवघड भाग. तुमच्या पत्रात बंड्याच्या 38 किलोंचा उल्लेख बदामांना जोडूनच आलाय. वाचणाऱ्याला वाटावं, वजन आप्पांनी वाढवलं. आपण हिशेब करून बघू. एका बदामात साधारण सात कॅलरी. पाच बदाम म्हणजे पस्तीस. तूप लावलेली एक पोळी सव्वाशेच्या आसपास जाते. लेकीची बिस्किटं वेगळी. लॅब्रॅडॉर नराचं वजन साधारण तिशीच्या थोडं पुढे असावं, बत्तीस धरा. तिथवर बंड्याला आणायचं तर दिवसभराचं खाणं साधारण 900 ते 1000 कॅलरींत बसवावं लागेल, नक्की आकडा तुमचे पशुवैद्य देतील. वरचा खाऊ एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये असं पशुवैद्य सांगतात, म्हणजे फार तर शंभर कॅलरी. तुमची पहिली पोळीच ते सगळं संपवते, ताई. हे दोष द्यायला लिहीत नाही. गाईला घास, कुत्र्याला पोळी, हे आपल्या हाताला लागलेलं वळण आहे आणि त्यामागचा भाव खरा आहे. पण आप्पांशी बोलायला जाल तेव्हा स्वतःची पोळी सोबत घेऊन जा, म्हणजे बोलणं त्यांच्या एकट्यावर येणार नाही.

‘तो सारखा भुकेला असतो’ असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण लॅब्रॅडॉरच्या घरात हे वाक्य रोज ऐकू येतं. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं, की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरच्या एका जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे त्याला खाण्याची ओढ जास्त असते. ते डोळे, ती मांडीवर टेकवलेली हनुवटी खोटी नसते. त्याला खरंच खावंसं वाटतं. पण ती ओढ पाहून आपण घालत गेलो तर गुडघे, कंबर आणि काळीज त्याचं बिघडणार आहे.

डब्याबद्दलही एक सांगायचं आहे. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते. या दिवसांत दाणे आणि अक्रोड यांना बुरशी धरते, कधी ती डोळ्यांना दिसतही नाही. बुरशी आलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते यकृतावर घाला घालतं, कुत्र्यांना तर फार लवकर. भाजलं तरी ते पूर्ण जात नाही. बुरशी धरलेल्या अक्रोडामधल्या विषाने झटके येतात. आता खरं सांगा, मार्केट यार्डातून स्वस्त मिळाले म्हणून दोन किलो आणलेले दाणे खवट लागले, तर आपण काय करतो? ‘आपल्याला नको, कुत्र्याला टाका.’ तळजाईवरच्या भटक्या कुत्र्यांनाही लोक पिशवी रिकामी करून टाकतात. जे आपण तोंडात घेणार नाही ते त्यांच्यापुढेही टाकू नये. सरळ कचऱ्यात टाका, तेही झाकण असलेल्या डब्यात.

दाणे ताजे, भाजलेले, बिनमिठाचे असतील तर बंड्यासारख्या कुत्र्याला दोन-चार दिले तरी बिघडत नाही. मात्र आपण नुसते दाणे फार क्वचित खातो. दाण्याच्या चटणीत लसूण असतो, पोह्यांत कांदा असतो, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. त्याचा परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो, त्यामुळे चटणीशी त्याचा संबंध कुणी जोडतच नाही. खारे पिस्ते नकोत, मिठासाठीही आणि कवचासाठीही. जायफळाचं अख्खं फळ त्याच्या हाती लागू देऊ नका, कुत्र्याला ते जास्त झालं तर भ्रम आणि थरथर होते. आणि घरात कुणाला साखर असेल, आप्पांना असेल, तर शुगरफ्री पदार्थांची पाकिटं नीट वाचा. झायलिटॉल नावाचा गोडवा काही पीनट बटरमध्ये, च्युइंगगममध्ये, टूथपेस्टमध्ये असतो. त्याने अर्ध्या-एक तासात कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक इतकी खाली येते, पुढे यकृतही जातं. मनुकांच्या बरोबरीने याची भीती बाळगा.

आता आप्पा. ते कुणाचं ऐकत नाहीत असं तुम्ही लिहिता. पण पत्र पुन्हा वाचलं तर दिसतं, त्यांना अजून कुणी नीट सांगितलेलंच नाही. डबा माळ्यावर गेला आणि ‘विष’ हा शब्द आला. आठ वर्षं जो माणूस रोज सकाळी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत भिजलेला बदाम दाबून त्याचं साल सुळकन काढतो, आणि ते पांढरंशुभ्र दल कुत्र्याच्या तोंडात ठेवतो, त्याला एका सकाळी कळतं की आपण आपल्या कुत्र्याला विष घालत होतो. तो चहा खोलीत घेणारच. गावच्या कुत्र्यांचं जे ते बोलले, ते दुखावल्यामुळे. त्यात तथ्यही थोडं आहे, पण गावाकडे कुत्रं गेलं की ‘म्हातारं झालं होतं’ म्हणायचे. कशाने गेलं हे कुणी तपासलं नाही.

त्यांना सांगायला सकाळची वेळ धरू नका. संध्याकाळी, दिवाबत्ती झाल्यावर, त्यांच्याजवळ बसून म्हणा, ‘आप्पा, बदामांबद्दल मी चुकले. बदाम विष नाहीत, मी विचारून घेतलंय. पण मनुका मात्र फार वाईट निघाल्या, आणि माझी पोळीही.’ तुम्ही आधी चूक कबूल केलीत तर त्यांना कबूल करायला फार वेळ लागणार नाही. मुलीलाही तिथे बसवा. तिने काय वाचलं ते तिला त्यांना दाखवू दे. आजोबांना नातीचं शिकवणं गोड लागतं, सुनेचं लागतंच असं नाही.

वाटी बंद करू नका. बंड्याला वाटीत काय आहे यापेक्षा ओट्यावर वाटी वाजली आणि आप्पांचा हात खाली आला, याचं अप्रूप आहे. त्याच्या सकाळच्या खाण्यातलंच मूठभर आदल्या रात्री बाजूला काढून आप्पांच्या वाटीत ठेवा, म्हणजे वरचं काही जाणार नाही. जोडीला गाजराच्या चकत्या, काकडी, उकडलेली फरसबी किंवा लाल भोपळा, बिया काढलेल्या सफरचंदाची फोड. मंडईतून भाजी आणताना त्याच्या वाटणीचं एक गाजर जास्त घ्या. बदाम सोडवतच नसेल तर एक, भिजवलेला, सोललेला, चार तुकडे करून. चार वेळा हात खाली जाईल. मात्र वजन उतरेपर्यंत काजू-अक्रोड पूर्ण बंद, आणि त्याला कधी पोटाचा, उलट्यांचा त्रास झालेला असेल तर तो एक बदामही डॉक्टरांना विचारूनच.

आणि हे फ्रिजवर चिकटवून ठेवा. तुमच्या पशुवैद्यांचा नंबर, आणि त्याखाली रात्री व रविवारी उघडा असणाऱ्या एखाद्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर, तोही आजच फोन करून खात्री करून. मनुका, मॅकाडेमिया, शुगरफ्री काही पोटात गेलं तर लक्षणं दिसायची वाट बघायची नाही, लगेच फोन. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टरांना उलटी करवून ते बाहेर काढता येतं, मग उशीर होतो. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्या मिठानेच कुत्री दगावतात. दूध, तूप, दही घालूनही उतारा पडत नाही. घड्याळ बघून वेळ लिहा, किती खाल्लं त्याचा अंदाज लिहा, निघा.

आप्पा बँकेतले आहेत. त्यांना एक वही द्या. बंड्याचं वजन दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात करायचं आणि त्यात मांडायचं. काट्यावर तो कुणाचंच ऐकणार नाही, आप्पांनी पाठीवर हात ठेवला की उभा राहील. पहिली नोंद या रविवारच्या आत झाली पाहिजे, आणि तिच्यासमोर 38 लिहिताना त्यांच्या शेजारी तुम्हीही बसा.